तीन उड्डाणं आणि मायची बंडी

आधी एक चूक दुरुस्त करतो. मी विमानातून समुद्रावर तीन वेळा गेलो, चार वेळा नाही. राजापेठेतल्या आमच्या मंडळानं माझा सत्कार केला तेव्हा फळ्यावर 'चार' लिहिलं होतं, बोलणाऱ्यांनीही चारच सांगितलं, आणि मी गळ्यात हार घेऊन मुकाट बसून राहिलो. कृत्रिम उपग्रह डोक्यावरून जात असताना बरोबर त्याच्या खालून उडालेला अमरावतीचा माणूस, अशी माझी ओळख करून दिली. तो माणूस मी नव्हे. त्या दिवशी मी जमिनीवर होतो. माझ्याबद्दल आणखीही एक गोष्ट तिथे मोठ्या कौतुकानं सांगितली गेली, तीही खोटी आहे. ती पुढे येईलच. हे सगळं निस्तरायचं तर अख्खा प्रवासच सांगायला हवा.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात फिजिक्सचा डेमॉन्स्ट्रेटर आहे. मागच्या वर्षी डॉ. राघवन नावाचे मद्रासकडचे एक शास्त्रज्ञ आमच्याकडे व्याख्यानाला आले होते. व्याख्यान झाल्यावर ते प्रयोगशाळेत आले, मी मांडून ठेवलेल्या काचपट्ट्या उजेडासमोर एकेक धरून पाहिल्या आणि या कोण धुतो म्हणून विचारलं. सहा महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. अरबी समुद्रावरच्या हवेतले कण मोजायला मुंबईहून विमान उडणार आहे, काचा स्वच्छ ठेवणारा माणूस हवा आहे, महिनाभर येता का? माझी निवड झाली ती स्वच्छतेसाठी, एवढं वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

अकोला

गाडी अकोल्याहून धरायची होती, म्हणून आदल्या दिवशी एसटीनं घरी गेलो. माझी माय वीस वर्षं जिनिंगमध्ये कापूस निवडायला जाते. ढिगापुढे बसायचं आणि पानांची पत्ती, किडक्या बोंडांची कवडी, मातीचे खडे वेचून काढायचे, हे तिचं काम. तिच्या हाताखालून गेलेल्या कापसात कचरा निघाला असं मुकादमानंही कधी म्हटल्याचं मला आठवत नाही, आणि मुकादम म्हणजे बोलायला निमित्त शोधणारा प्राणी. छप्पन्न साली ती दीक्षेला नागपूरला जाऊन आली, तोच तिचा सगळ्यात लांबचा प्रवास. विमान तिनं फक्त कॅलेंडरवर पाहिलेलं. पडेल का, जळेल का, असलं काही तिनं विचारलं नाही. वर थंडी असते का, एवढंच विचारलं. मी हो म्हणालो.

"चिखलदऱ्यालेच लोक कुडकुडतात म्हंते," माय म्हणाली. "तू तं त्याच्याहून किती वर चाल्ला. मले ठाऊकच होतं."

आणि तिनं पेटीतून बंडी काढली. हिरव्या जाड कापडाची, आत कापूस भरलेली, उभे टाके घातलेली. कापूस शेजारच्या वावरातून आणलेला, सरकी हातानं काढलेली, एकेक बोंड निवडलेलं. मी म्हटलं, माझ्याकडे स्वेटर आहे. तिनं बंडी घडी करून भाकरीच्या फडक्यावर ठेवली आणि वर ठेच्याची बरणी.

मुंबई

गाडीतल्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. मुंबईत विमानतळाजवळच्या एका वसतिगृहात आमची सोय होती आणि पहिला धक्का तिथल्या मेसमध्येच बसला. सकाळी आठला ताटात मासा. आमच्याकडे आठला लोक चहा शोधत असतात. माझ्या खोलीत लिमये नावाचा पुण्याचा तरुण होता. तो तापमान आणि आर्द्रतेची यंत्रं सांभाळायचा. मनानं चांगला, जिभेनं सैल. माझं बोलणं ऐकून पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, तुम्ही माझ्यावर रागावलात का? मी नुसतं मीठ मागितलं होतं.

डॉक्टरांनी आम्हांला काम समजावलं ते इथे थोडक्यात सांगतो. ढगातला प्रत्येक थेंब कशाच्या तरी कणाभोवती धरतो. तो कण समुद्रातून उडालेल्या मिठाचा असेल, नाहीतर जमिनीवरून आलेल्या धुळीचा. कुठे कोणते कण किती आहेत हे विमानातून मोजायचं. त्याच वेळी उपग्रह वरून ढगांचा फोटो काढतो, तो रेडिओनं खाली येतो. खालचे कण आणि वरचा फोटो एकमेकांना जोडून पाहायचे. त्यासाठी चार उड्डाणं ठरली होती. पहिली तीन तयारीची. चौथं खरं, कारण त्या दिवशी उपग्रह बरोबर आमच्या डोक्यावरून जाणार होता.

माझं काम सोपं. काचपट्टीवर चिकट लेप द्यायचा, ती दांडीच्या टोकाला बसवायची, विमानाच्या कुशीतल्या भोकातून दांडी बाहेर वाऱ्यात धरायची, दहा आकडे मोजायचे, आत ओढायची आणि काच डबीत बंद करायची. अशा चाळीस काचा. एक काच मात्र कोरी, जमिनीवरच डबीत बंद ठेवलेली, तुलनेसाठी.

आणि चौथ्या उड्डाणात मला जायचं होतं. हे मी स्पष्ट लिहितो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्या गल्लीत मॅट्रिक झालेला पहिला माणूस मी. त्या उपग्रहाखाली माझ्या हातात दांडी असणार, ही गोष्ट मी मनातल्या मनात दिवसातून दहा वेळा कुणाकुणाला सांगत होतो.

समुद्रावर

विमान दोन इंजिनांचं, जुनं, मालवाहू. आत बोलायचं म्हणजे कानात ओरडायचं. उडालं तेव्हा मी दोन्ही हातांनी बाक धरला होता आणि लिमये माझ्याकडे बघून हसत होता. पाचच मिनिटांत तो कागदी पिशवी शोधायला लागला, म्हणून मी काही बोललो नाही.

मग जमीन संपली. समुद्र निळा असतो अशी माझी समजूत होती. वरून तो निळा नव्हता, राखाडीही नव्हता. नुसता होता, आणि संपत नव्हता. ज्यानं मोर्णा आणि पूर्णा या दोन नद्या सोडून पाणी पाहिलेलं नाही त्याला हे कसं सांगावं? पण त्याहून मोठा धक्का क्षितिजाचा. पाणी आणि आकाश जिथे भेटतात तिथे एक तपकिरी पट्टा होता, ओल्या भिंतीवर डाग दिसतो तसा. मी डॉक्टरांना बोट दाखवलं. त्यांनी कानात सांगितलं, धूळ आहे. जमिनीवरची.

मला पटेना. समुद्रावरची हवा तरी निर्मळ असणार, असं मी धरून चाललो होतो. उन्हाळ्यात अकोल्याला दुपारी ताटावर ताट झाकावं लागतं, ती धूळ मी जाणतो. पण किनारा सोडून दीड तास उडाल्यावर काच आत ओढली तर तिच्यावरही फिक्कट विटकरी रंग. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून वाहतो, म्हणजे आपल्याकडून समुद्राकडे. आपण झाडून अंगणाबाहेर काढतो ती माती कुठे जाते, हे मी तीस वर्षांच्या आयुष्यात कधी विचारलं नव्हतं.

वर दहा हजार फुटांवर भोकातून येणारा वारा हाडात शिरत होता. मायची बंडी सोन्यासारखी उपयोगी पडली. लिमये तिला गादी म्हणायचा. मनोहर वानखडे अंथरूण घालून विमानात आलाय, असं त्यानं वैमानिकालाही सांगितलं. वैमानिक गोरा, उंच, हसरा माणूस. दुसऱ्या उड्डाणात मी भाकरी-ठेचा काढला तेव्हा त्यानं मागून घेतला आणि मी नको म्हणायच्या आत जॅमसारखा पावावर फासून खाल्ला. पुढची दहा मिनिटं विमान दुसऱ्या वैमानिकानं चालवलं. तिसऱ्या दिवशी मात्र त्यानं स्वतःहून बरणी आणली का म्हणून विचारलं, तेव्हा मी हात टेकले.

तिसऱ्या उड्डाणानंतर

काचा पाहायचं काम डॉक्टरांचं. पहिल्या दोन दिवसांत त्यांना मीठ आणि माती यांच्याखेरीज काही बारीक तंतू दिसले होते. जमिनीवरच्या कोऱ्या काचेवर ते नव्हते, म्हणजे हवेतलेच, असं त्यांनी धरलं. कसल्यातरी झाडाचे असावेत, पण कुठल्या, ते कळेना. शनिवारी संध्याकाळी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं.

मी डोळा लावला आणि हबकलो. चपटी, पिळलेली फीत. हे मी ओळखणार नाही तर कोण? दरवर्षी मुलांना तंतूची जाडी मोजायला मी हीच काच देतो, कारण अमरावतीत फुकट मिळणारी वस्तू हीच. मी म्हणालो, साहेब, हा कापूस आहे.

डॉक्टर उभे राहिले. मग मीच पुढचंही सांगितलं. वारा ईशान्येचा. वऱ्हाडात सध्या जिनिंगचा हंगाम. कारखान्यांवर रुईचे तंतू असे उडत असतात की रस्त्याकडेच्या झाडांची पानं पांढरी होतात. माती एवढी लांब येते, तर तंतू का येणार नाही? डॉक्टरांच्या डोळ्यांत चमक आली. त्यांनी नकाशा काढला, वाऱ्याची रेघ मागे मागे ओढत अकोल्यापर्यंत नेली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. सोमवारच्या उड्डाणाचा मार्गही थोडा बदलायचा ठरवला. त्याच भरात मी प्रिन्सिपॉलसाहेबांना पोस्टकार्ड टाकलं. वऱ्हाडचा कापूस अरबी समुद्रावर सापडला, मी ओळखला, आणि सोमवारी उपग्रहाखाली चौथं उड्डाण. सत्कारात सांगितली गेलेली दुसरी गोष्ट ती हीच, आणि 'चार' हा आकडाही याच कार्डातून गेला.

रविवार

रविवारी सुट्टी. सकाळी आंघोळ करून मी कपडे उन्हात टाकले आणि बंडी झटकली. खिडकीतून उन्हाची तिरीप आत आली होती. तिच्यात तंतू उडत होते. हळूहळू, तरंगत.

बंडी उलटी करून पाहिली. उजव्या काखेत, दांडी बाहेर काढताना हात जिथे विमानाच्या पत्र्याला घासायचा, बरोबर तिथे शिवणीलगतचं कापड दोन बोटं फाटलं होतं. कापूस त्यातून डोकावत होता. काच बसवताना, आत ओढताना, डबीत ठेवताना तीच काख प्रत्येक काचेच्या वर.

लाज वाटली हे खरं, पण त्याआधी भीती वाटली. आणि तिसरी गोष्ट जी मनात आली तीही लिहितो: शिवण टाकून मोकळं व्हावं. सोमवारी तंतू मिळणार नाहीत, डॉक्टर म्हणतील वारा बदलला, कुणाला कळतंय? मी खाली जाऊन दुकानातून सुई-दोरा आणलासुद्धा. सुईत दोरा ओवला. पहिला टाका घालताना मायचे टाके दिसले. तिच्या डोळ्यांना आता नीट दिसत नाही, पण एकही टाका वाकडा नव्हता. कापड पत्र्याला घासून फाटलं होतं, टाका सुटलेला नव्हता. ती वीस वर्षं कचरा वेचून बाहेर टाकते आहे आणि मी तो कुणाच्या तरी ढिगात लपवायला निघालो होतो. मी दोरा तोडला आणि बंडी घेऊन डॉक्टरांकडे गेलो.

आम्ही प्रयोगशाळेत गेलो, लिमये तिथे यंत्र पुसत होता. डॉक्टरांनी ताजी लेपाची काच घेतली, तिच्यावर बंडी एकदा हलवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मग मला पाहायला लावलं. तीच फीत.

"म्हणजे तीनही दिवसांच्या काचा तू बाटवल्यास," लिमये म्हणाला.

तो वाईट हेतूनं बोलला नाही, हे मी शपथेवर सांगतो. हा शब्द त्याच्या घरात लोणच्याच्या बरणीला ओला हात लागला तरी वापरत असतील. पण मी तो लहानपणी विहिरीवर ऐकला आहे, मायच्या कडेवर असताना, आणि तो आमच्या घागरीला लावलेला होता. मी बंडी उचलून छातीशी धरली. लिमयेला काहीतरी चुकल्याचं कळलं, पण काय ते कळलं नाही. तो पुन्हा यंत्र पुसायला लागला.

डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवलं. ते म्हणाले की काचा वाया गेलेल्या नाहीत; तंतू कुठला हे आता माहीत आहे, तेवढे सोडून बाकीचं सगळं मोजता येईल. हे माहीत नसतं तर मात्र सगळंच खोटं ठरलं असतं.

"पण उद्या तुम्हांला येता येणार नाही," ते म्हणाले. "तुमच्या केसांत, शर्टात, सगळीकडे कापूस असेल. मार्गही पहिलाच ठेवू. बाकी सगळं तसंच ठेवून तुम्ही नसलात, तरच सिद्ध होईल."

त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. मी मान हलवली, बाहेर आलो आणि विमानतळाच्या कुंपणापाशी उभा राहून रडलो.

सोमवार

विमान गेलं. दांडी लिमयेच्या हातात. मला फोटो येणाऱ्या यंत्रापाशी बसवलं होतं. कपाटाएवढं यंत्र, उपग्रह क्षितिजावर आला की ते पक्ष्यासारखं चिवचिवायला लागतं आणि कागदावर एकेक रेघ काळी-पांढरी उमटत जाते. पहिली रेघ उमटली तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. आकाशाच्याही पलीकडून कुणी आपल्या डोळ्यांदेखत आपलंच चित्र काढतंय, ही कल्पना मला वाचून माहीत होती. अंगावर आल्यावर माहीत असण्याचा काही उपयोग झाला नाही.

रेघेरेघेनं समुद्र आला, किनारा आला. समुद्रावर ढगांच्या ओळी होत्या. ढगांना कापसाची उपमा देण्याचा अधिकार मी गमावला आहे, म्हणून नुसतं पांढरे ठिपके म्हणतो. त्या ओळींखाली कुठेतरी विमान होतं, ते दिसणं शक्यच नव्हतं, तरी मी कागदाला नाक लावून शोधत राहिलो. उजव्या बाजूला, कागद संपता संपता, जमीन होती. ढग नाही, काही नाही, नुसता करडा रंग. यंत्रावरचा माणूस म्हणाला, तिकडे कोरडं आहे. तिकडे म्हणजे आम्ही. एवढ्या मोठ्या जगाच्या एवढ्याशा करड्या तुकड्यात आमची जिनिंग, राजापेठ, घागर आणि विहीर सगळं मावलं होतं, आणि वरून पाहणाऱ्याला कोण कुठल्या विहिरीवर पाणी भरतं ते दिसत नव्हतं.

संध्याकाळी काचा उतरल्या. डॉक्टरांनी चाळीसच्या चाळीस पाहिल्या, मग मलाही पाहायला लावल्या. मीठ होतं. विटकरी माती होती. तंतू एकही नव्हता. तंतू माझ्या बंडीचेच, हे माझं म्हणणं सिद्ध झालं होतं आणि ते सिद्ध झाल्याचा आनंद मानावा की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. काचा बाहेरच्या देशात तपासायला जाणार होत्या. त्यांच्यासोबत ओळख पटवायला म्हणून डॉक्टरांनी माझी बंडी मागून घेतली, कागदात गुंडाळली, वर चिठ्ठी लावली. स्टेशनावर सोडायला लिमये आला होता. त्यानं आपला स्वेटर काढून माझ्या हातात दिला. विमानात थंडी फार होती, एवढंच म्हणाला.

अकोला, परत

घरी पोहोचलो तर मायनं पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या अंगावरच्या स्वेटरकडे.

"बंडी कुठं हाय?"

मी सगळं सांगितलं. भोक, दांडी, काच, काख, तंतू. लिमयेचा शब्द मी गाळला, पण मला वाटतं तो तिला माझ्या चेहऱ्यावर दिसला. बंडीतल्या कापसानं काचा खराब झाल्या, इथवर आलो तेव्हा तिचा हात तव्यावर थांबला. भाकरी करपली. माझ्या आयुष्यात मायच्या हातची भाकरी करपलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"खराब कावून?" ती म्हणाली. "म्या निवडला होता तो. त्यात कचरा नोयता."

मी समजावलं की कचरा नव्हता, कापूस स्वतःच तिथे नको होता. तिला ते पटलं नाही. ती उठली, पेटी उघडली, त्याच कापसातला उरलेला मूठभर बाहेर काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"हा बी पाठव त्यायले. म्हणाव, काचीतून पाहा. माती दिसली तं मले सांगा."

मी म्हटलं, माय, ते मोठे शास्त्रज्ञ आहेत, त्यांना दुसरी कामं आहेत. तिनं तो कापूस फडक्यात बांधून गाठ मारली. दुसऱ्या दिवशी मी पोस्टात जाऊन पुडकं डॉक्टरांच्या नावे टाकलं. आत चिठ्ठीत काय लिहावं ते सुचेना. शेवटी मायचंच वाक्य लिहिलं.

डॉक्टरांचं उत्तर सत्कारानंतर आठ दिवसांनी आलं, आणि ते आलं म्हणूनच मी हे लिहायला बसलो. पत्र मी अकोल्याला घेऊन गेलो. जिनिंगची सुट्टी होऊन बाया घरी आल्या होत्या, दोघीतिघी आमच्या ओसरीवर टेकल्या होत्या. इंग्रजीचं मराठी करत मी वाचलं: आपल्या आईंनी पाठवलेला नमुना मी स्वतः तपासला. सात काचा करून पाहिल्या. मातीचा एकही कण आढळला नाही. समुद्रावर सुद्धा मला इतकी स्वच्छ काच मिळालेली नाही. त्यांना माझा नमस्कार सांगावा.

मायनं पत्र पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग 'नमस्कार' कुठे लिहिलाय ते विचारलं, मी बोट ठेवलं तिथे आपलंही बोट ठेवलं, आणि शेजारणीला म्हणाली, "मी तं पयलेपासूनच म्हणत होती."